सैरंध्रीच्या वाटेवर

सह्याद्री म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या कातळाचे कडे, गडांचे बुरूज आणि श्रावणातले धबधबे उभे राहतात. हा पर्वत आपला, असे आपण इतके गृहीत धरून चालतो की तापीच्या दक्षिणेपासून निघालेली ही ओळ गोवा, कर्नाटक आणि केरळ ओलांडून थेट कन्याकुमारीच्या शेजारापर्यंत गेलेली आहे, याची आठवण आपल्याला क्वचितच राहते. महाबळेश्वर-आंबोलीच्या सदाहरित रानांवर ज्यांचे प्रेम आहे, त्यांनी या ओळीचे दक्षिणेकडचे अंगही एकदा डोळे भरून पाहावे. आपल्याकडे जे रान तुकड्यातुकड्यांनी, कुठे देवराईच्या रूपाने तर कुठे एखाद्या दरीच्या कुशीत दडून उरले आहे, ते तिकडे काही ठिकाणी अद्याप सलग उभे आहे. ते सलग का राहिले, याला एक इतिहास आहे. आज ज्या अरण्याविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव सायलेंट व्हॅली. नाव इंग्रजी, अरण्य मलबारचे, आणि त्याच्या पोटातल्या स्थळांची नावे मात्र महाभारतातली आहेत; ती कशी, ते पुढे ओघाने येईलच.

पालघाटहून आमची मोटार पहाटेच निघाली. पालघाट हे गाव ज्या खिंडीत वसले आहे ती खिंड म्हणजे पश्चिम घाटाच्या भिंतीला पडलेले सर्वांत मोठे भगदाड. तीस-चाळीस किलोमीटर रुंदीच्या या वाटेने तामिळनाडूतले कोरडे वारे केरळात शिरतात आणि केरळातला पाऊस थोडाबहुत तिकडे जातो. व्यापारी, यात्रेकरू आणि सैन्ये शतकानुशतके येथूनच आली-गेली. या खिंडीच्या उत्तरेला निलगिरीचा डोंगर उभा राहतो, आणि त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, चारी बाजूंनी कडे वर आलेल्या एका उंच पठारावर, आपले हे अरण्य आहे. पालघाटपासून मन्नारक्काडपर्यंतचा रस्ता भातशेतीतून, ताडमाडांतून आणि सुपारीच्या बागांतून जातो. कोकणातल्या माणसाला येथे परके वाटण्याचे काही कारण नाही. मन्नारक्काड सोडले की अट्टपाडीचा घाट लागतो. वळणे आपल्या कुंभार्ली घाटाची आठवण करून देणारी. मात्र एकीकडे कातळाऐवजी झाडी, आणि खाली हिरव्या धुक्यात बुडालेला मुलूख. घाट चढून गेले की मुक्काली नावाचे छोटे गाव येते. येथे आपली मोटार सोडावी लागते.

हे मला प्रथम रुचले नव्हते. मुंबईपासूनचा लांबचा प्रवास स्वतःच्या मोटारीने करावा आणि शेवटचे तेवीस किलोमीटर दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून जावे, हा काय न्याय, असे मी बरोबरच्या मित्राजवळ पुटपुटलोही. परंतु मुक्कालीच्या नाक्यावर वनखात्याची कचेरी आहे, तेथे नाव नोंदवावे लागते, वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो, आणि दिवसाला ठराविक गाड्याच आत सोडतात. आमचा वाटाड्या अट्टपाडीतल्या आदिवासी समाजातला एक चाळिशीचा गृहस्थ होता. इरुळर, मुडुगर आणि कुरुंबर हे या खोऱ्याचे मूळ रहिवासी. उद्यानाच्या कडेने त्यांच्या वाड्या आहेत. आमच्या मित्राने त्याला पहिलाच प्रश्न केला, "वाघ दिसेल का हो?" तो हसला. म्हणाला, "साहेब, सगळे हेच विचारतात. वाघ आहे, पण येथे पाहायचे ते झाड." हे उत्तर त्याने शेकडो पाहुण्यांना दिले असावे, पण म्हणून त्याचा खरेपणा कमी होत नाही.

जीप हळू चालते. रस्ता काही ठिकाणी रस्ता म्हणावा असा, काही ठिकाणी दगडांची रास. पहिले काही किलोमीटर झाडी विरळ, पानझडीच्या जातीची. मध्ये मध्ये जुन्या लागवडीच्या खुणा. मग एका वळणानंतर उजेड एकदम कमी होतो. वर्षावन म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही ते तेथे कळते. सूर्य डोक्यावर असतो, परंतु जमिनीवर त्याचे नाणे-नाणे एवढेच पडते. झाडांचे तीन-चार मजले असतात. सर्वांत वरच्या मजल्यावर उन्हाचे राज्य, मधल्या मजल्यांवर वेली, ऑर्किडे, नेचे आणि शेवाळ, आणि तळाला कुजलेल्या पानांचा जाड गालिचा. येथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो जमिनीवर कोसळत नाही, पानांवरून, खोडांवरून, शेवाळातून गाळून खाली येतो. या दरीतली नदी भर पावसाळ्यातही गढूळ होत नाही म्हणतात, त्याचे कारण हेच.

वाटेत वाटाड्याने जीप थांबवून एक झाड दाखवले. सरळ, उंच खोड. आणि खोडाला व जुन्या फांद्यांना चिकटून लटकलेली काटेरी, फणसाच्या पिल्लांसारखी फळे. मल्याळीत त्याला वेडिप्लावु म्हणतात. प्लावु म्हणजे फणसाचे झाड आणि वेडि म्हणजे बंदुकीचा बार. फळ वाळले की तडकन फुटते, म्हणून हे नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कुलेनिया म्हणतात. या एका झाडावर या अरण्यातली अर्धी मंडळी जगतात असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे. फुलांचा बहर आला की वटवाघळे, उडत्या खारी आणि माकडे त्यावर तुटून पडतात. फळे आली की पुन्हा माकडे. त्या माकडांतले सर्वांत दुर्मीळ म्हणजे सिंहपुच्छ वानर. अंग काळेभोर, तोंडाभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. जगात ते फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातच सापडते, आणि सलग सदाहरित झाडी तुटली की ते बिचारे अडकून पडते. कारण ते आयुष्यातला बहुतेक काळ झाडांवरच घालवते. आम्हाला ते दिसले नाही. दिसले ते निलगिरीचे काळे वानर, आणि एका उंच फांदीवर शेपूट सोडून बसलेले शेकरू. महाराष्ट्राने ज्याला आपला राज्यप्राणी मानले आहे ते हेच शेकरू. भीमाशंकरला पाहिलेला प्राणी इतक्या दूर भेटावा, याचा आनंद मला वानर न दिसल्याच्या दुःखापेक्षा मोठा वाटला.

आता नावांविषयी. या खोऱ्याला जुने लोक सैरंध्रीवनम् म्हणत. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहिलेली द्रौपदी म्हणजे सैरंध्री, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ने ती आपल्या घरोघर पोहोचवली, आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घालून तिला आणखीच अजरामर केली. पांडव येथे राहिले, म्हणून दरीतून वाहणारी नदी ती कुंतीची, कुंतिपुळा. पुळा म्हणजे नदी. अर्थात पांडव राहिले नाहीत असा डोंगर हिंदुस्थानात शोधूनही सापडणार नाही. आपण वाईला विराटनगरी म्हणतो. मलबारातल्या लोकांनी तिला तिकडे नेले तर आपण रागावण्याचे कारण नाही.

सायलेंट व्हॅली, म्हणजे निःशब्द दरी, हे नाव इंग्रजांच्या काळातले. ते का पडले याविषयी तीन मते सांगतात. येथे रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून, हे पहिले. सैरंध्री या शब्दाचा इंग्रजी जिभेने केलेला अपभ्रंश, हे दुसरे. सिंहपुच्छ वानराच्या शास्त्रीय नावातला सायलिनस हा शब्द घसरत घसरत तेथे आला, हे तिसरे. मला दुसरे मत अधिक पटते. इंग्रजांनी आपल्या गावांच्या नावांचे काय केले ते आपण जाणतोच. खडकीची किर्की आणि शीवची सायन करणाऱ्यांना सैरंध्रीची सायलेंट करणे अवघड नव्हते. तिसरे मत विद्वानांनी फुरसतीत काढलेले दिसते. पहिल्या मताविषयी एवढेच सांगतो की अरण्याच्या कडेला रातकिड्यांनी आमचे कान किटवले होते.

तेवीस किलोमीटरचा रस्ता संपतो त्या जागेचे नाव आजही सैरंध्री. येथे वनखात्याची लहानशी वसाहत आहे आणि सुमारे तीस मीटर उंचीचा लोखंडी मनोरा आहे. मनोऱ्यावर चढले की सारी दरी एका दृष्टिक्षेपात येते. उत्तरेला निलगिरीच्या शिखरांचे गवताळ माथे. त्यातले अंगिंडा २,३८३ मीटर उंच. तेथून दक्षिणेकडे उतरत आलेले काळसर हिरवे रान, त्याच्या मधोमध कुंतिपुळेची रेघ. आणि दक्षिणेला, जेथे दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि नदी अरुंद घळीतून मैदानाकडे झेप घेते, तेथे एक चिंचोळी जागा. अभियंत्याच्या डोळ्यांनी पाहिले तर ही जागा निसर्गाने धरणासाठीच घडवली आहे असे कोणालाही वाटेल. वर पाणी साठवायला परातीसारखे पठार, खाली शेकडो मीटरांची उडी, आणि मध्ये भिंत घालायला अरुंद दार. मोटारीचा रस्ता ज्या ठिकाणी संपतो, त्याच्या जवळच ते धरण व्हायचे होते.

याची कल्पना फार जुनी. १८४७ साली रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने या रानाचा शोध घेतला, तेव्हा मलबार मद्रास इलाख्यात होता. १९१४ साली हे राखीव जंगल झाले. राखीव याचा अर्थ त्या काळी सरकारच्या तोडीसाठी राखून ठेवलेले असाच बहुधा असे, आणि येथेही १९२७ पासून १९७६ पर्यंत काही भागांत झाडे निवडून तोडली गेली. १९२८ सालीच सैरंध्रीजवळची जागा विजेसाठी उत्तम म्हणून हेरली गेली. स्वातंत्र्य आले, १९५६ साली केरळ राज्य झाले, आणि १९५८ साली रीतसर पाहणी होऊन राज्याच्या विद्युत मंडळाने १२० मेगावॉट क्षमतेची, १७ कोटी रुपयांची योजना मांडली. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने तिला मान्यता दिली.

त्या काळाकडे आजच्या डोळ्यांनी पाहून हसू नये. केरळात कोळसा नाही. पाऊस आहे आणि डोंगर आहेत. उत्तर केरळ, म्हणजे जुना मलबार, दक्षिणेच्या मानाने मागासलेला. वीज नाही, कारखाने नाहीत, तरुणांना काम नाही. या धरणाने वीज मिळणार होती, शिवाय पालघाट आणि मलप्पुरम जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार हेक्टर जमीन भिजणार होती. त्याच वर्षांत आपणही कोयनेकडे असेच पाहत होतो. हेळवाकजवळ सह्याद्रीच्या पोटात बोगदे खणले गेले, शिवसागराचे पाणी पश्चिमेकडे उतरवले गेले, आणि त्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले. तेव्हा त्या पाण्याखाली किती रान गेले याचा हिशेब विचारणारे फार थोडे होते. गावे उठली त्यांचे हाल झाले, त्याची खंत अनेकांनी केली. झाडांची खंत करण्याची रीतच नव्हती.

मला येथे मुळशीची आठवण होते. १९२१ साली सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला. धरणाविरुद्ध जनतेने दिलेल्या जगातल्या अगदी आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. पण तेथे प्रश्न मावळ्यांच्या भातखाचरांचा होता. ज्याची जमीन जात होती तो स्वतः उभा राहिला. सायलेंट व्हॅलीत कोणाचेही घर नव्हते, कोणाचेही शेत नव्हते. गाव उठणार नव्हते. पाण्याखाली जाणार होते ते सुमारे ८३० हेक्टर रान, ज्याच्या वतीने फिर्याद करायला कोणी वारस नव्हता. योजनेच्या पुरस्कर्त्यांच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण होता. आणि या लढ्याला जे वेगळेपण आले ते नेमके यामुळेच.

पहिली कुजबुज माकडावरून झाली. सत्तरीच्या प्रारंभी मद्रासच्या सर्पोद्यानाचे संस्थापक रोम्युलस व्हिटेकर या भागात आले आणि त्यांनी या अरण्याकडे लक्ष वेधले. सिंहपुच्छ वानरांचा अभ्यास करणारे स्टीव्हन ग्रीन हे अमेरिकन शास्त्रज्ञही धरणामुळे या जातीला धोका आहे असे सांगू लागले. १९७६ साली झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने नेमलेल्या कृतिदलाने योजना सोडून द्यावी अशी शिफारस केली. परंतु तिच्याबरोबर एक पुस्तीही जोडली, की सोडणे शक्यच नसेल तर अमुक सतरा दक्षता घ्याव्यात. सरकारी अहवालांत 'परंतु' या शब्दाने जेवढे नुकसान केले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. राज्य सरकारने शिफारस बाजूला ठेवली आणि दक्षता हाती धरल्या. १९७८ साली मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, संरक्षणाचा कायदा करण्याच्या अटीवर केंद्राने योजनेला संमती दिली, आणि १९७९ साली तसा कायदाही झाला. त्याच १९७८ साली अश्खाबाद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघाच्या अधिवेशनाने या वानरांच्या रक्षणाचे आवाहन केले होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आणि तिचे वृद्ध पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी आपला शब्द त्यात घातला. पण मुंबईतून किंवा अश्खाबादहून काढलेल्या पत्रकांनी पालघाटातले धरण थांबत नाही.

ते थांबवण्याची खटपट केली केरळातल्याच माणसांनी. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ साली स्थापन झालेली संस्था. आपल्या मराठी विज्ञान परिषदेहून चार वर्षांनी वडील. मल्याळीतून विज्ञान लिहावे, खेड्यांतल्या शाळांत व्याख्याने द्यावीत, एवढाच तिचा मूळचा उद्योग. एम. के. प्रसाद हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिचे कार्यकर्ते. त्यांनी रानाच्या बाजूने लिहिले तेव्हा परिषदेतल्या अनेकांनाही ते पटले नाही. कारण तिचे सभासद प्रगतीवर श्रद्धा असलेले, विजेचे महत्त्व जाणणारे होते. तेव्हा परिषदेने जे केले ते मला या साऱ्या हकीकतीतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. एक वनस्पतिशास्त्रज्ञ, दोन अभियंते, एक शेतीशास्त्रज्ञ आणि एक अर्थशास्त्रज्ञ असे पाच जण बसवून तिने १९७९ साली योजनेचा तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक हिशेब पुस्तकरूपाने मांडला. या धरणाची वीज राज्याच्या गरजेच्या मानाने किती, मलबारला ती खरोखरच मिळणार का, तीच वीज अन्य मार्गाने मिळवता येईल का, भिजणाऱ्या जमिनीला दुसरीकडून पाणी देता येईल का, असे प्रश्न त्यांनी आकड्यांनिशी विचारले. रान सुंदर आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. विद्युत मंडळाला कवितेचे उत्तर देण्याची गरज नव्हती. बेरजेला मात्र उत्तर द्यावे लागले.

कविताही होत्याच, आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. सुगतकुमारी, एन. व्ही. कृष्ण वारियर, ओ. एन. व्ही. कुरुप, अय्यप्प पणिक्कर ही त्या भाषेतली मोठी नावे. त्यांनी सभा भरवल्या, कविता वाचल्या, गावोगाव हिंडले. विरोधकांनी त्यांची 'झाडकवी' म्हणून टर उडवली. 'माकड हवे की माणूस?' हा सवाल तेव्हा नेहमीचा झाला होता. सवाल चुरचुरीत, आणि गरिबाच्या तोंडून आला तर साधा नव्हे. ज्याच्या घरी दिवा नाही त्याला वेडिप्लावुच्या फुलांचे कौतुक सांगणाऱ्याने आपल्या घरातला दिवा आधी पाहावा, हे मी मान्य करतो. मात्र हा सवाल विचारणाऱ्यांतले बरेच जण दिवा नसलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

१९७९ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तोडीला तात्पुरती मनाई मिळाली. आणि १९८० च्या जानेवारीत न्यायालयाने अर्ज फेटाळून ती उठवली. दरम्यान केंद्रात शेतीखात्याचे सचिव असलेले एम. एस. स्वामिनाथन त्या भागात जाऊन आले होते. त्यांनी सुचवले की सायलेंट व्हॅलीचे ८९.५२ चौरस किलोमीटर, आणि त्याला लागून असलेली अमरंबलम, अट्टपाडी व तामिळनाडूतली कुंडा येथली राने मिळून एकूण ३८९.५२ चौरस किलोमीटरचे एक राष्ट्रीय वर्षावन राखीव करावे. पिकांच्या जाती सुधारण्यात आयुष्य घातलेल्या माणसाने हे म्हणावे याला अर्थ होता. रानातले मिरी, वेलदोडा, भात यांचे जंगली भाईबंद हे उद्याच्या पिकांचे बियाणे आहे, हे त्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते.

१९८० साली इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी राज्याला काम थांबवण्यास सांगितले. त्याच वर्षी वनसंरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारने या अरण्याला राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केले खरे. पण त्यातून धरणाची जागा तेवढी वगळली. अंगणाला कुंपण घालायचे आणि माजघर बुडवायचे, अशी ही युक्ती होती. ती कोणालाच पटली नाही. अखेर केंद्र आणि राज्य यांनी मिळून एम. जी. के. मेनन या पदार्थवैज्ञानिकाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने साऱ्या बाजू ऐकल्या. तिचा अहवाल पाहून १९८३ साली योजना सोडून देण्याचा निर्णय झाला.

उद्यानाची अधिकृत घोषणा निघाली ती १५ नोव्हेंबर १९८४ रोजी. इंदिरा गांधींची हत्या होऊन त्या दिवशी पंधरवडा झाला होता. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी सैरंध्रीला आले आणि त्यांनी हे उद्यान राष्ट्राला अर्पण केले. तेथे आईच्या स्मरणार्थ बसवलेली शिला आहे. तिच्यापाशी उभे राहून लोक छायाचित्रे काढतात. आमच्या वाटाड्याने मात्र त्या शिलेकडे बोट दाखवून लगेच ते पुढे नेले आणि मागच्या झाडावरची हिरवी सापसुरळी दाखवली. त्याच्या दृष्टीने तीही तितकीच दाखवण्यासारखी होती.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९८६ साली निलगिरी हे देशातले पहिले जीवावरण राखीव क्षेत्र झाले आणि सायलेंट व्हॅली त्याचा गाभा ठरली. त्याच्या मांडणीत पुण्याचे माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. २००१ च्या सुमारास नदीच्या खालच्या अंगाला, पात्रक्कडवु येथे, ७० मेगावॉटच्या नव्या धरणाची कल्पना निघाली. उद्यानाच्या हद्दीबाहेर असल्याने त्याने काही बिघडत नाही, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. जुनी मंडळी पुन्हा उभी राहिली, आणि २००७ साली ती योजना मागे पडून उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचा राखीव पट्टा जोडला गेला. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत हे आहे. आणि त्याच यादीत आपले कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. कोयनेचा उल्लेख करताना मला थोडे थांबावेसे वाटते. शिवसागराच्या दोन्ही काठांवर आज अभयारण्य आहे. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान वसंतसागराच्या काठी आहे. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे आपल्याकडे धरण आधी झाले आणि अरण्य त्याच्या कडेला उरले. सैरंध्रीला गोष्ट उलटी घडली. दोन्ही पाहिलेल्या माणसाला फरक सांगावा लागत नाही, आणि न पाहिलेल्याला सांगून कळेल असे मला वाटत नाही.

मनोऱ्यावरून उतरून आम्ही नदीपर्यंत चालत गेलो. दीड-एक किलोमीटरची उतरती पायवाट आहे. वाटेवर हत्तींची ताजी लीद होती, त्यामुळे आमच्या मित्राची बडबड आपोआप बंद झाली. वाटाड्या पुढे, आम्ही मागे. पायांना जळवा लागत होत्या. मुक्कालीला कोणी सांगितल्यावरून आम्ही मोज्यांना तंबाखूचे पाणी लावले होते, त्याचा काही उपयोग झालेला दिसला नाही. नदीवर एक झुलता पूल आहे. त्याच्यापाशी उभे राहिलो. पाणी इतके निवळ की तळातल्या गोट्यांवरची नक्षी मोजता यावी. पलीकडच्या काठावर झाडांच्या मुळ्या थेट पाण्यात उतरल्या होत्या, आणि फांद्यांतून धनेशाच्या पंखांचा तो विशिष्ट आवाज, आगगाडी दुरून येते तसा, एकदाच येऊन गेला.

मी वाटाड्याला विचारले, "धरण झाले असते तर येथे पाणी केवढे असते?"

त्याने वर पाहिले. डोक्यावरच्या झाडांचे शेंडे दिसत नव्हते. त्याने हात उंच केला, मग मान हलवून खाली घेतला. "ते सारे शेंडे पाण्याखाली, साहेब," तो म्हणाला, "आणि मी मुक्कालीला धरणावरचा पहारेकरी."

"ते तुम्हाला आवडले असते?"

"पगार बरा असता," तो म्हणाला, आणि हसून पुढे चालू लागला. वर जीपवाला हॉर्न वाजवत होता. दुपारनंतर आत थांबण्याची परवानगी नसते.